हंबीरराव निकम, अंडरटेकर

मराठीत काम घ्यायच्या तऱ्हा काही कमी नाहीत. काम अंगावर घेता येतं, शिरावर घेता येतं, मुकाट्यानं पत्करता येतं, आणि फारच जोर चढला तर त्याचा विडा उचलता येतो. नको असलेलं काम आपण होऊन गळ्यातही पडतं. घरचा एवढा माल असताना रहिमतपूरजवळच्या एका वाडीतल्या हंबीरराव निकमांना त्यातलं एकही चाललं नाही. त्यांना काम सांगितलं की ते दोन्ही टाचा जुळवत, छाती पुढं काढत आणि म्हणत, "अंडरटेक!"

बस्स, एवढंच. त्याला ना कर्ता, ना कर्म. फौजेतून हवालदार होऊन आल्यावर माणसं ट्रंक आणतात, कँटीनचं कार्ड आणतात, हुकूम सोडायची सवय आणतात. हंबीररावांनी हा एक शब्द आणला आणि तो वाडीभर वापरला.

वापरता वापरता वाडीनं त्याचा अर्थ पक्का करून टाकला. अंडरटेक म्हणजे काम घेतलं. झालं असं नव्हे आणि होईल असंही नव्हे, नुसतं घेतलं. लालासाहेबांच्या गोठ्यावरचे पत्रे हंबीररावांनी चैत्रात अंडरटेक केले आणि ते चढले दसऱ्याला. शाळेच्या झेंड्याचा खांब सरळ करायचं पंधरा ऑगस्टसाठी अंडरटेक केलं, तो सरळ झाला सव्वीस जानेवारीला. एका वर्षी शिराळ्याच्या नागपंचमीला जीपभर पाहुणे न्यायचं अंडरटेक केलं आणि सगळी वरात तिथं पोचली षष्ठीला. नागोबा गेले होते, पाळणे मोडत होते, पण हंबीररावांनी सगळ्यांना भेळ खाऊ घालून सुखरूप परत आणलं.

मग हा शब्द वाडीच्या तोंडात बसला. एसटी वेळेवर आली नाही की बायका म्हणत, "आज गाडी अंडरटेकात हाय." शिंप्याकडं टाकलेला ब्लाउज दिवाळी उलटून गेली तरी आला नाही की तोही अंडरटेकात. कुणी आपल्या पोराला विचारलं, "आब्यास केलास का रं?" की पोरगं टाचा जुळवून सांगे, "अंडरटेक!" आणि पाठीत धपाटा खाई.

आता कुणी म्हणेल, हा माणूस आळशी असेल. साफ चूक. हंबीररावांना बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्यांची अडचण वेगळीच होती. ते एका कामाला निघाले की वाटेत दुसरं भेटे, आणि नाही म्हणायला त्यांची जीभ वळतच नसे. नळाचा पाइप आणायला म्हणून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी कुणाच्या तरी म्हशीला डॉक्टर घेऊन परत येई, आणि पाइप? तो घेतलेला असे, पण मनात.

त्यांच्या बायकोनं, रंगूबाईंनी, यावर संसार काढला होता. त्या म्हणत, "ह्येनी अंडरटेक करायचं आन मी घरात वाट बघायची ओव्हरटाइम."

तर हे सगळं तोंडीच चाललं होतं तोवर बरं होतं. गुढीपाडव्याला हंबीररावांना वाटलं, आपण एवढी कामं घेतो, आपली एक पाटी असावी. साताऱ्याच्या पेंटरला गाठून त्यांनी चांगली दारावर कमानीसारखी बसेल अशी पाटी करून आणली. वर इंग्रजीत आणि खाली मराठीत, लाल रंगात, काळी सावली देऊन: हंबीरराव निकम, माजी सैनिक, अंडरटेकर. त्याखाली बारीक अक्षरात: सर्व प्रकारची कामे घेतली जातील.

पाटी चढली आणि टीव्हीवरच्या कुस्त्यांतला अंडरटेकर नावाचा पैलवान बघून वाढलेली वाडीतली पोरं तिच्याखालून जाताना दंड थोपटायला लागली. हंबीररावांना तो आपला मान वाटला. ते ओट्यावरून हात वर करत.

त्यांची मुलगी शिवांजली साताऱ्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. शनिवारी ती घरी आली, पाटीखाली थांबली, आणि आत येऊन तिनं बॅग खाली ठेवण्याआधीच विचारलं, "आबा, ती पाटी कुणी लिवायला सांगितली?"

"मीच. का? जोरात हाय न्हवं?"

"आबा, अंडरटेकर म्हंजे मयताची व्यवस्था करणारा माणूस. परदेशात असतो. पेटी आणतो, गाडी आणतो, समदं उरकून देतो."

हंबीरराव समजूतदारपणे हसले. "मला इंग्रजी शिकवतीस व्हय? बरं, ड्राइव्ह करतो त्यो कोण?"

"ड्रायव्हर."

"पेंट करतो त्यो?"

"पेंटर."

"मग अंडरटेक करतो त्यो कोण? तूच सांग."

शिवांजलीनं बॅग खाली ठेवली. "मग आई रोज कुक करती. ती कोण? कुकर?"

आतून रंगूबाईंचा आवाज आला, "व्हय, आन शिट्टी व्हायची येळ झालीया. हात धुऊन घ्या दोघं."

वाद तिथंच मिटला, म्हणजे पाटी होती तिथंच राहिली. हंबीररावांचं म्हणणं, परदेशातल्या माणसांनी आपल्या शब्दाचं काय करायचं ते करावं, आपल्या वाडीत त्याचा अर्थ ठरलेला आहे. खरं सांगायचं तर यात त्यांचं काही चुकत होतं असं मलाही वाटत नाही. शब्द ज्याच्या दारात राहतो त्याचं ऐकतो.

पण पुढच्या महिन्यात शिवांजलीला स्थळ आलं आणि पाटी आडवी आली.

स्थळ सांगलीजवळच्या माधवनगरचं. मुलगा वीरधवल, तासगावकडं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर. हे स्थळ एका लांबच्या पाहुण्यानं सुचवलं, असं दोन्ही घरांत सांगितलं गेलं. खरं म्हणजे त्या पाहुण्याला ते शिवांजलीनं सुचवलं होतं. ती आणि वीरधवल गेली तीन वर्षं एकमेकांना ओळखत होती आणि हे रंगूबाईंना ठाऊक होतं, वीरधवलच्या आईला ठाऊक होतं, फक्त ठाऊक आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता रीतीप्रमाणं बघायचा कार्यक्रम तेवढा पार पडायचा होता. वीरधवलच्या घरात शेवटचा शब्द आजीचा, भामाबाईंचा. भामाबाईंनी याआधी एक स्थळ नुसतं चहा न पिता मोडलं होतं. मुलीकडच्या घरी त्यांनी कप उचलला की स्थळ जमलं, आणि नाही उचलला की निघायचं, अशी त्या घरची रीतच होती.

शिवांजलीनं आदल्या दिवशी वडिलांना समोर बसवलं. "आबा, उद्या वीरधवलचे मामा पण यायचेत. विश्वजितमामा सांगलीत कॉलेजात इंग्लिश शिकवत्यात. तेवढी पाटी उद्याच्यापुरती खाली घ्या. माझं एवढं एक काम करा."

पोरीचा आवाज शेवटी जरा हलला. ही पोरगी सहसा काही मागत नसे. हंबीरराव उठले, त्यांनी टाचा जुळवल्या आणि मनापासून म्हणाले, "अंडरटेक!"

शिवांजलीनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव पहाटेच उठले. पाटी उंच होती, म्हणून शिडी आणायला ते लालासाहेबांकडं गेले. पाहुणे यायला अजून बराच अवकाश होता.

"शिडी ने की," लालासाहेब म्हणाले. "पर आलाच हाईस तर गच्चीवरच्या टाकीत काय पडलंय तेवढं बघ गड्या. पाण्याला वास मारतोय."

आता इथं दुसऱ्या कुणीही सांगितलं असतं की आज माझ्या लेकीला बघायला येणार आहेत, मी उद्या बघतो. हंबीररावांनीही ते सांगायला तोंड उघडलं होतं. बाहेर पडलं ते "अंडरटेक!"

टाकीत काय पडलं होतं म्हणाल, तर एका उंडग्या मांजरानं पळवलेली अर्धी भाकरी आणि त्या भाकरीमागं गेलेली एक घूस. ती काढेपर्यंत टाकी रिकामी करावी लागली, रिकामी केली म्हणून घासावी लागली, आणि घासताना बुडाची चकती निखळली म्हणून ती बसवावी लागली. हंबीरराव आतून डोकं वर काढून श्वास घ्यायला उभे राहिले, तेव्हा त्यांना गच्चीवरून आपल्या घराकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक पांढरी गाडी दिसली. सांगलीचा नंबर होता. गाडी त्यांच्याच दारात थांबली. एक चष्मेवाला माणूस उतरला, त्यानं मान वर केली आणि पाटी वाचली. मग त्यानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"मेलो!" हंबीरराव टाकीतच म्हणाले.

ते भिजल्या कपड्यांनी धावत घरी पोचले तेव्हा बैठकीत सगळे बसले होते. वीरधवल सतरंजीची नक्षी बघत होता. त्याचे वडील छताकडं बघत होते. विश्वजितमामा आपल्या बहिणीच्या, म्हणजे वीरधवलच्या आईच्या कानाला लागले होते आणि त्या बाईंचा चेहरा दर शब्दागणिक उतरत होता. मधोमध भामाबाई, नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात काठी. समोर चहाचे कप ठेवलेले आणि एकालाही हात लागलेला नव्हता. शिवांजली ट्रे धरून दाराशी उभी होती. तिनं वडिलांकडं पाहिलं आणि मान वळवली.

त्या नुसत्या मान वळवण्यानं हंबीरराव खचले. ओरडली असती तर बरं झालं असतं. आयुष्यात हजार कामं घेतली, आणि एकुलत्या एका लेकीचं एवढंसं काम आपल्याच्यानं झालं नाही, याची त्यांना तिथल्या तिथं लाज वाटली.

"राम राम," ते म्हणाले. पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

"ह्यो भिजलेला कोण?" भामाबाईंनी विचारलं.

"मुलीचे वडील, आजी," मामा म्हणाले.

"बरं. आन तुमी समदी मगाधरनं कानात काय खुसपुसताय? मला ऐकू कमी येतंय, दिसतंय चांगलं. पाटी वाचली म्या, पर अंडरटेकर म्हंजे काय?"

"आई, नंतर सांगते," वीरधवलची आई घाईनं म्हणाली. "शुभ कामाला आलोय आपण."

"आत्ता सांग."

विश्वजितमामा भला माणूस होता, त्याला कुणाचा अपमान करायचा नव्हता. त्यानं घसा साफ केला आणि शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं, "आजी, इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, अंत्यविधीची व्यवस्था करणारा."

"मयताची?"

"हो."

काठी जमिनीवर एकदा आपटली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली ती सगळ्यांनी कान देऊन ऐकली.

शिवांजली पुढं आली. "आजी, तसं न्हाई. आबांचं इंग्लिश चुकलंय. त्यांना म्हणायचं होतं, कामं घेणारा."

सुटका अगदी समोर होती. हंबीररावांनी फक्त "व्हय, चुकलं" म्हणायचं, सगळ्यांनी हसायचं आणि चहा गार व्हायच्या आत प्यायचा. पाटीपेक्षा पोरगी मोठी. त्यांनी ओल्या टाचा जुळवल्या आणि म्हणायला सुरुवात केली, "व्हय आक्का, माझं जरा..."

"चुकलंय कुठं?" रंगूबाई दारातून म्हणाल्या.

सगळ्या माना तिकडं वळल्या. बत्तीस वर्षं या शब्दावरून नवऱ्याला टोमणे मारलेली बाई पदर खोचून उभी होती.

"मला आजच पटला अर्थ त्या शब्दाचा, आन म्या म्हणते, पाटी बरुबर हाय. ह्या माणसाचं एक काम येळेवर हुत न्हाई. पत्रे न्हाईत, खांब न्हाई, नळ तर अजून न्हाई. पर वाडीत मयत झालं की पयली हाक कुणाला येती? इचारा कुणालाबी. ताटावरनं उठत्यात. बांबू आणायचा, तिरडी बांधायची, लाकडं लावायची, आन पोरकी पोरं घरला आणून त्यांच्या तोंडात घास घालायचा. त्या आजाराच्या वर्साला सख्खी भावकी दारं लावून बसली हुती. तवा ह्यो एकटा जायचा. मी रोज भांडायची. मी म्हणायची, तुमास्नी काय झालं तर? ह्ये म्हणायचं, घेतलंय गं."

हंबीरराव पार ओशाळले. हे सगळं त्यांनी कधी कामात धरलंच नव्हतं.

भामाबाईंनी काठी हंबीररावांकडं वळवली. "ह्यो शब्द आणलास कुठनं रं?" त्यांनी विचारलं.

"फौजेतनं, आक्का," हंबीरराव म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "नवीन हुतो. बर्फातली चौकी. एक दिवस सायबांनी आमास्नी रांगेत उभं केलं आन इचारलं, हू विल अंडरटेक? मला वाटलं, मेसमधी मटण वाटायचं काम असंल. मी पुढं झालो. एकटाच. मग कळलं, आमच्यातला एक बिहारचा पोरगा बर्फात गेलता, त्याची पेटी त्याच्या घरला पोचवायची हुती. आधी ट्रक, मग रेल्वे, मग ट्रॅक्टर. त्याच्या आईनं पेटीला हात लावला आन मला एकच इचारलं, वाटंत त्याला एकटं सोडलं न्हाईस न्हवं? म्हणलं, न्हाई माय. खरंच न्हवतं सोडलं. तवापासनं काम घेतो म्हणायचं झालं की माझ्या तोंडात ह्योच शब्द येतो. दुसरा येतच न्हाई."

मग त्यांना वाटलं, उशिराबद्दलही काही सांगावं, म्हणून ते पुटपुटले, "जित्या माणसाचं काम थांबतंय वो. मेलेल्याचं न्हाई थांबत."

विश्वजितमामानं पुन्हा चष्मा काढला होता, पण या खेपेला पाटी वाचायची नव्हती.

"माझं मालक गेलं," भामाबाई म्हणाल्या, "तवा ह्ये समदं घर नुसतं उभं हुतं. रडायला समदी, बांबू आणायला कुणी न्हाई. तिसऱ्या आळीतनं माणूस बोलवायला लागला. मी तवाच मनात म्हणलं, माझ्या येळंला कोण?" त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली आणि मान वर करून हंबीररावांकडं रोखून पाहिलं. म्हातारीच्या डोळ्यांत आता भलतीच चमक आली होती. "माझं काम घेशील?"

"आई!" वीरधवलची आई किंचाळली. "बघायला आलोय आपण! काय बोलताय?"

"तू गप. मी पाटी वाचून बोलतीया. सर्व प्रकारची कामं घेतली जातील, आसं लिवलंय का न्हाई? घेशील?"

हंबीररावांच्या टाचा सवयीनं जुळल्या, छाती सवयीनं पुढं आली. आणि तोंडातला शब्द पहिल्यांदाच ओठांवर थांबला. आजवर काम पूर्ण ऐकायच्या आत त्यांनी ते घेतलं होतं. आज सगळं ऐकलं होतं, कळलं होतं, आणि समोरची म्हातारी त्यांना दहा मिनिटांत आवडायला लागली होती. त्यांनी रंगूबाईंकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. मग हळूच हसले.

"अंडरटेक, आक्का," ते म्हणाले. "घेतलं. पर एक आट हाय. ह्ये काम मी मयताच्या रीतीनं न्हाई करणार. माझ्या बाकीच्या कामांच्या रीतीनं करणार."

"म्हंजे कसं?"

ट्रे धरलेली शिवांजली हसायला लागली होती आणि डोळेही पुसत होती. "म्हंजे लय उशिरा, आजी," ती म्हणाली. "नळ अजून झालेला न्हाई आमचा. आठ वर्सं झाली."

भामाबाई आधी खुदकन, मग पोट धरून, मग ठसका लागेपर्यंत हसल्या. ठसका लागला म्हणून त्यांनी समोरचा कप उचलला आणि एका दमात अर्धा चहा पिऊन टाकला. वीरधवलनं सतरंजीवरून मान वर केली. आजीनं कप उचलला होता.

"गार झालाय," भामाबाई म्हणाल्या. "पोरी, दुसरा आण. आन आपल्या नवऱ्याला पण दे, मगाधरनं सतरंजी मोजतोय."

लग्न मार्गशीर्षात माधवनगरला झालं आणि चांगलं झालं, कारण भामाबाईंनी आधीच बजावलं होतं की लग्नातलं एकही काम निकमांना सांगायचं नाही. विश्वजितमामानं पाटीवर 'कॉन्ट्रॅक्टर' करून घ्या असं एकदा सुचवलं, आणि हंबीररावांनी तेही अंडरटेक केलं, त्यामुळे पाटी आहे तशीच आहे.

हंबीरराव लेकीला भेटायला माधवनगरला गेले की भामाबाई आतून काठी टेकत येतात आणि सगळ्यांसमोर जाब विचारतात, "काय रं, माझं काम कुठवर आलं?"

हंबीरराव टाचा जुळवतात. "घेतलंय, आक्का. पर सवडच न्हाई बघा. आजून नळ राहिलाय."

"आधी नळ कर मग," म्हातारी म्हणते, आणि समाधानानं त्यांच्या शेजारी चहाला बसते.

वाडीत परवा प्लंबर स्वतःहून आला होता. हंबीररावांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.